खालच्या गाड्या उतरल्या, वरच्या राहिल्या: दुमजली कार कॅरियरमधलं वजन

चाकण किंवा रांजणगावच्या यार्डातून निघालेला दुमजली कार कॅरियर वजनकाट्यावर सहसा अडकत नाही. सहा-सात गाड्यांचं मिळून वजन सात ते दहा टन. सळई किंवा सिमेंट भरलेल्या ट्रेलरपुढे हे काहीच नाही. म्हणून या कामात वजनाचा विचार 'ओव्हरलोड तर नाही ना' एवढ्यावर संपतो, आणि चूक तिथेच होते. कॅरियरमध्ये वजन किती आहे हा दुय्यम प्रश्न. ते जमिनीपासून किती उंच आहे, किंगपिनपासून (ट्रेलर ज्या खिळ्याने ओढणाऱ्या गाडीला जोडतात तिथून) किती मागे आहे आणि पहिल्या डीलरकडे काही गाड्या उतरल्यावर उरलेलं कुठे राहतं, हे तीन प्रश्न खरे. घाटातल्या वळणावर ट्रेलर चाकांवर राहतो की कुशीवर पडतो, ते यांच्यावर ठरतं.

नेमकं बोलता यावं म्हणून एक नमुना गाडी धरू. पुढे दोन अ‍ॅक्सलचा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), स्वतःचं वजन ७ टन, त्यातलं ४.६ टन पुढच्या अ‍ॅक्सलवर, २.४ टन मागच्या म्हणजे ड्राइव्ह अ‍ॅक्सलवर. घोड्याच्या दोन अ‍ॅक्सलांत ३.५ मीटर अंतर, आणि फिफ्थ व्हील (किंगपिन ज्यात अडकते ती तबकडी) ड्राइव्ह अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे. मागे दुमजली ट्रेलर, रिकामं वजन ९ टन, शेवटी जोड अ‍ॅक्सल. किंगपिनपासून त्या जोड अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत ९ मीटर. रिकाम्या ट्रेलरच्या ९ टनांपैकी ३.६ टन किंगपिनवर येतं आणि ५.४ टन मागच्या चाकांवर. वरचा मजला पुढे मानेवरून (ट्रेलरच्या घोड्यावर टेकणाऱ्या उंच भागावरून) जात असल्यामुळे लांब, साधारण १४.७ मीटर; खालचा मानेमागून सुरू होतो म्हणून ११.२ मीटर. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. ते टेपने मोजा आणि रिकामी गाडी काट्यावर घेऊन तपासा. खालचा सगळा हिशेब त्या आकड्यांवर तसाच चालतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१८ साली केंद्राने अ‍ॅक्सलची मर्यादा वाढवली. दोन टायरच्या एका अ‍ॅक्सलला ७.५ टन, चार टायरच्या अ‍ॅक्सलला ११.५ टन, जोड अ‍ॅक्सलला २१ टन. घोड्याच्या कंपनीने पुढच्या अ‍ॅक्सलला याहून कमी मर्यादा दिलेली असेल तर तीच पाळायची. कार कॅरियर या मर्यादांच्या जवळपासही जात नाही. इथे धोका उलटा असतो. एखाद्या अ‍ॅक्सलवर वजन जास्त होण्यापेक्षा ते फार कमी होणं घातक.

किंगपिन आणि मागची चाकं यांच्यामध्ये ट्रेलर एखाद्या फळीसारखा टेकलेला असतो. फळीवर ठेवलेली गाडी किंगपिनच्या जितकी जवळ, तितकं तिचं वजन घोड्यावर जास्त. ती अगदी जोड अ‍ॅक्सलच्या मध्यावर असेल तर घोड्यावर तिचं काहीच येत नाही. आणि ती त्या मध्याच्याही मागे गेली, तर फळीचं पुढचं टोक उचललं जातं. त्या गाडीमुळे घोड्यावरचं वजन चक्क कमी होतं.

सूत्र एका ओळीचं आहे. गाडीचं वजन गुणिले (९ वजा किंगपिनपासूनचं अंतर), भागिले ९. आलेला आकडा म्हणजे किंगपिनवर पडणारं वजन. १९०० किलोची मोठी एसयूव्ही घ्या. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे, मानेवर उभी केली तर तिचा मध्य किंगपिनच्या मागे जेमतेम ०.५५ मीटरवर येतो. तिथून ती किंगपिनवर सुमारे १७८० किलो टाकते. तीच एसयूव्ही अगदी शेपटीला, १०.८ मीटरवर लावली तर उत्तर उणे ३८० किलो येतं, म्हणजे घोडा तेवढा हलका झाला. तोंडपाठ ठेवायला एक सोपा आकडाही निघतो. ही एसयूव्ही एक मीटर मागे सरकली की किंगपिनवरचे २११ किलो जातात.

याच सूत्राने त्या १९०० किलोच्या दोन एसयूव्ही दोन ठिकाणी ठेवून पाहू, बाकी ट्रेलर रिकामा. एक वर पुढे आणि एक खाली पुढे असेल तर किंगपिनवर एकूण ६.४ टन येतं आणि ड्राइव्ह अ‍ॅक्सल ७.९ टनांवर जातो. दोन्ही शेपटीला, एक वर आणि एक खाली असतील तर ड्राइव्ह अ‍ॅक्सलवर उरतं ४.८ टन. आता रिकाम्या ट्रेलरचा आकडा पाहा: ५.५ टन. दोन गाड्या भरलेला ट्रेलर घोड्याच्या चाकांना रिकाम्या ट्रेलरपेक्षा हलका लागतो! काट्यावर एकूण वजन १९.८ टन दिसतं, सगळं नियमात, आणि तरीही ही गाडी ओल्या घाटात नेण्यासारखी नाही.

कारण साधं आहे. इंजिनची ओढ रस्त्यावर पोचते ती फक्त ड्राइव्ह अ‍ॅक्सलमधून. एक्झॉस्ट ब्रेक आणि रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणाऱ्या यंत्रणा) यांची पकडही तिथेच. चढावर चाकं जागच्या जागी फिरतात, ते निदान दिसतं आणि चालक सावध होतो. उतारावर मात्र एक्झॉस्ट ब्रेक लावला, रस्ता ओला आहे आणि ड्राइव्ह अ‍ॅक्सल हलका आहे, तर ती चार चाकं घसरू लागतात. मागून ट्रेलर ढकलतच असतो आणि घोडा किंगपिनपाशी काटकोनात वळतो. यालाच जॅकनाइफ म्हणतात. मग 'ब्रेक फेल' अशी नोंद होते. ब्रेक धड असतात, त्या चाकांखाली वजन नसतं.

युरोपीय संघात देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या मालगाड्यांना एक नियम आहे: एकूण वजनाच्या किमान २५ टक्के ड्राइव्ह अ‍ॅक्सलवर हवं. आपल्याकडे कार कॅरियरवाल्यांनी हा आकडा मोजपट्टी म्हणून उचलावा असं मला ठामपणे वाटतं. वरच्या उदाहरणात पुढे लावलेल्या गाड्यांमध्ये तो ४० टक्के येतो, रिकाम्या ट्रेलरला ३४, आणि शेपटीला लावलेल्यांमध्ये २४ टक्क्यांच्या थोडं वर. घाटरस्ता असेल तर मी तिशीच्या खाली जाऊ देणार नाही.

आता उंची. दुमजली ट्रेलरचा खरा स्वभाव इथे कळतो.

खालच्या मजल्याची फरशी जमिनीपासून ०.८ मीटर आणि वरच्याची २.६ मीटर धरू. एसयूव्हीचा वजनाचा मध्य तिच्या चाकांच्या तळापासून ०.७ मीटर वर, छोट्या हॅचबॅकचा ०.५५ मीटर. रिकाम्या ट्रेलरचा मध्य १.४ मीटरवर. माल आहे दोन एसयूव्ही (प्रत्येकी १९०० किलो) आणि चार हॅचबॅक (प्रत्येकी ९०० किलो), एकूण ७.४ टन.

यार्डात हे भरताना हात आपोआप एका मांडणीकडे जातो. वरचा मजला लांब आहे, वर छताची अडचण नाही, एसयूव्ही लांब आणि उंच आहेत. मग दोन्ही एसयूव्ही वर, सोबत एक हॅचबॅक, आणि उरलेल्या तीन हॅचबॅक खाली. बसतंही अगदी मापात. पण भरलेल्या ट्रेलरचा मध्य १.९३ मीटरवर जातो. उलट दोन एसयूव्ही खाली घेतल्या आणि चारही हॅचबॅक वर ओळीने लावल्या तर तो १.८१ मीटरवर येतो. त्याच सहा गाड्या, तेवढंच वजन, आणि मध्य १२ सेंटिमीटर खाली. या दुसऱ्या मांडणीत वर चार गाड्या बसवायला बंपरमधलं अंतर आठ-दहा सेंटिमीटरवर आणावं लागतं, भरणाऱ्याचा वेळ जातो. तो वेळ द्यायचाच.

पण मला सांगायचंय ते यापुढचं. बहुतेक हायड्रॉलिक कॅरियरमध्ये वरचा मजला मागून खाली झुकवून आधी वरच्या गाड्या चढवतात, मग तो उचलून पिनांवर टेकवतात आणि शेवटी खालचा मजला भरतात. म्हणजे उतरवताना खालच्या गाड्या आधी निघणार. पहिल्या मांडणीत खालच्या तीन हॅचबॅक पहिल्या डीलरकडे उतरल्या की ट्रेलरवर वरच्या तीन गाड्या राहतात. वजन २.७ टनांनी कमी झालं. मध्य मात्र १.९३ वरून २.०४ मीटरवर चढला. चालकाला गाडी हलकी लागते, ओढ चांगली लागते, तो थोडा मोकळा होतो, आणि नेमकं त्याच वेळी ट्रेलर पूर्ण भरलेला असतानापेक्षा लवकर कलंडू शकतो. ओझं उतरल्यावर धोका वाढतो ही गोष्ट चालकाला कोणीतरी आधी, आकड्यांसकट सांगायला हवी. अंदाजाने ती कळत नाही.

कलंडण्याचा हिशेबही करता येतो. चाकांच्या टेकण्याच्या रुंदीचा अर्धा भाग, साधारण १ मीटर, मध्याच्या उंचीने भागायचा. १.८१ मीटरला ०.५५ येतं, २.०४ मीटरला ०.४९. म्हणजे वळणावर बाहेर ढकलणारा जोर ट्रेलरच्या वजनाच्या ५५ टक्के झाला तर पहिला कलंडेल, दुसरा ४९ टक्क्यांनाच. हे ताठ, न लवणाऱ्या गाडीचे आकडे आहेत. कमानपाटे दबतात, टायर चेपतात, मजला एका बाजूला झुकतो आणि मध्य बाहेर सरकतो, त्यामुळे खरी मर्यादा याहून बरीच खाली असते. शिवाय हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ४० ऐवजी ५० च्या वेगाने तेच वळण घेतलं की जोर दीडपटीहून अधिक. आणि डावं वळण संपता संपता लगेच उजवं आलं, तर एकीकडे दबलेला ट्रेलर उसळून दुसरीकडे झोकांडतो. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं एस वळण असंच आहे. उतार आणि उलटसुलट वळण एकाच जागी.

यावर उपाय आहे, आणि तो अर्ध्या-पाऊण तासाचा. खालचा मजला रिकामा झाला की वरची जड गाडी खाली घ्यायची. वरच्या उदाहरणात एक एसयूव्ही खाली आणली की मध्य २.०४ वरून १.७९ मीटरवर येतो. २५ सेंटिमीटर! इतका फरक दुसऱ्या कुठल्याही युक्तीने पडत नाही. डीलरकडे जागा नाही, रस्त्यावर उतरवायची परवानगी नाही, अशी कारणं येतात आणि ती खरी असतात. म्हणूनच कुठल्या डीलरकडे कुठल्या गाड्या उतरणार हे यार्डातच कागदावर मांडायला हवं, आणि प्रत्येक थांब्यानंतर उरलेल्या गाड्यांचा हिशेब वेगळा करायला हवा. भरतानाचा एकच हिशेब पुरत नाही.

चाकणहून कोल्हापूर आणि पुढे रत्नागिरी अशी फेरी घ्या. कोल्हापूरपर्यंतचा महामार्ग ट्रेलर पूर्ण भरलेला असताना संपतो. कोल्हापूरला चार गाड्या उतरतात आणि उरलेल्या दोन घेऊन ट्रेलर आंबा घाट उतरतो. फेरीतला सगळ्यात अवघड रस्ता सगळ्यात वाईट मांडणीने पार होतो. रत्नागिरीच्या दोन गाड्या भरताना सगळ्यात आधी चढतात, कारण त्या सगळ्यात शेवटी उतरायच्या. त्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे जातात, म्हणजे ड्राइव्ह अ‍ॅक्सलचं भलं होतं, पण उंची वाढते. म्हणून रत्नागिरीच्या गाड्यांपैकी एक वर पुढे आणि एक खाली पुढे लावायची. कोल्हापूरच्या चार गाड्या त्यांच्या मागे, दोन्ही मजल्यांवर वाटून. खालच्या मागच्या उतरवल्या, मजला झुकवला, वरच्या मागच्या उतरवल्या, मजला परत पिनांवर. पण खाली पुढे एक गाडी उभी असताना वरचा मजला मागून झुकवता येतो का, हे ट्रेलरच्या बनावटीवर आहे. काहींत पुढची आणि मागची फळी वेगवेगळी हलते, काहींत संपूर्ण मजला एकसंध असतो. एकसंध असेल तर खालची गाडी तात्पुरती बाहेर काढून मग परत चढवणं आलं. ती पुन्हा पुढेच लावायची, कंटाळा करून मागच्या तोंडाशी सोडायची नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा त्या शे-दोनशे किलो किंवा त्याहूनही जड असतात, मोठ्या एसयूव्ही तर दोन टनांच्या पुढे जातात. बॅटरी फरशीत असल्याने त्यांचा स्वतःचा मध्य खाली असतो. त्यावरून त्या वर चढवायला हरकत नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. मध्य दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असल्याचा फायदा खालच्यापेक्षा १.८ मीटर उंच असलेल्या फरशीपुढे काहीच नाही. यार्डातल्या यादीवर गाड्यांची फक्त मॉडेलं लिहिलेली असतात. शेजारी वजनाचा रकाना असावा आणि भरणारा माणूस तो बघून गाडी वर की खाली ते ठरवेल, असं व्हायला हवं.

डाव्या-उजव्या बाजूकडे तर कोणाचं लक्षच जात नाही. मजला अरुंद. गाडी चढवल्यावर चालकाला दार उघडून बाहेर पडायचं असतं, दार उजवीकडे. म्हणून गाडी डावीकडे दाबून लावतात. एक लावली तर काही बिघडत नाही. सहाही गाड्या १० सेंटिमीटर डावीकडे दाबल्या तर डाव्या चाकांवर उजव्यापेक्षा सुमारे ७४० किलो जास्त पडतात. पाटे एका बाजूला बसतात, ट्रेलर उभा असतानाच किंचित कललेला दिसतो. यावर सोपी तोड म्हणजे काही गाड्या उलट्या, मागे तोंड करून चढवायच्या. त्यांचं दार ट्रेलरच्या डाव्या बाजूला येतं, म्हणून त्या उजवीकडे दाबल्या जातात आणि हिशेब फिटतो. उलटी गाडी लावताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पेट्रोल-डिझेल गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन इंजिनच्या बाजूला असतं. ती उलटी फिरवली की तिचा मध्य जवळपास अर्धा मीटर सरकतो. शेपटीची गाडी तोंड पुढे ठेवूनच लावावी, इंजिन तेवढंच पुढे राहतं.

दुचाकींचे कॅरियर हा वेगळा विषय आहे. त्यांना आता तीन मजल्यांपर्यंत परवानगी आहे, अट एवढीच की सांगाडा चालकाच्या केबिनवर आलेला नसावा. एकेक गाडी हलकी असल्याने जड-हलक्याचा प्रश्न कमी, उंचीचा मात्र तोच.

दुमजली ट्रेलर ब्रिटनमध्ये फार दिसतात, पण तिथे ते मुख्यतः सुपरमार्केटचा आणि कुरिअरचा माल नेतात. तिथल्या कायद्यात मालगाडीच्या उंचीला सरसकट मर्यादा नाही. उंचीची पाटी नसलेल्या पुलाखाली १६ फूट ६ इंच, म्हणजे ५.०३ मीटर, जागा असते असं धरून ट्रेलर बांधतात. त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते माल बांधण्याचं माप. बांधणी पुढच्या दिशेने मालाच्या पूर्ण वजनाइतका जोर सोसेल आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतका, एवढी मजबूत असावी. १९०० किलोच्या एसयूव्हीला पुढे १९०० किलोचा जोर आणि बाजूला ९५० किलोचा. पट्ट्यावरच्या लेबलवर 'एलसी' (पट्टा किती जोर सोसेल ती मर्यादा) आणि पुढे डेकान्यूटनमध्ये आकडा असतो. एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर. लेबल फाटलेलं, वाचता न येणारं असेल तर तो पट्टा गाडी बांधायला वापरायचा नाही.

पट्टा चाकावरून जाऊ द्या. टायरच्या पुढे एक कडी, मागे एक कडी, मध्ये टायरला धरणारे रबरी ठोकळे असलेला पट्टा आणि शेवटी रॅचेट (पट्टा ताणून धरणारी कळ). चाक धरलं की गाडीची बॉडी स्वतःच्या सस्पेन्शनवर वरखाली डुलत राहते आणि पट्ट्याचा ताण बदलत नाही. टोइंगच्या हुकाला किंवा चेसिसला पट्टा बांधला तर खड्ड्यात गाडी दबते, पट्टा सैल पडतो, गाडी वर येताना झटका बसतो. असे काही हजार झटके बसले की कडी सुटते किंवा हुक वाकतो. अलॉय व्हीलच्या आऱ्यांतून पट्टा ओवणं तर मुळीच नको. चाकही खराब होतं आणि आऱ्याच्या धारेवर पट्टाही चिरतो. चारही चाकं बांधावीत, वरच्या मजल्यावर आणि तिरक्या फळीवर तर नक्कीच. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा किंवा ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा. पण यातल्या कशालाही पट्ट्याचा पर्याय समजू नका.

वरचा मजला पिनांवर टेकला पाहिजे, सिलिंडरवर नाही. हायड्रॉलिकने मजला थोडा वर घ्यायचा, प्रत्येक खांबातली लॉक पिन पूर्ण आत घालायची, मग मजला हळूहळू खाली सोडून पिनांवर बसवायचा, आणि पिनेची क्लिप लावायची. क्लिप नसेल तर पिन हादऱ्याने बाहेर सरकते. चारांपैकी तीनच पिना नीट बसल्या तर मजला पिळवटतो. दिसायला सरळ, पण काही खांबांवर जास्तीचा भार. हे डोळ्यांनी कळत नाही. प्रत्येक पिनेला हात लावून बघायचं: भाराखाली असलेली पिन हलत नाही, मोकळी पिन बोटाने फिरते. पिन फिरली की मजला परत उचलून पुन्हा बसवायचा. तारेच्या दोरावर चालणारा मजला असेल तर दोराच्या तुटलेल्या तारा तपासा. हातमोजा दोरावरून फिरवला की तुटलेली तार अडकते. खालच्या गाडीच्या टपापासून वरच्या मजल्याच्या तळापर्यंत आठ-दहा सेंटिमीटर मोकळं अंतर हवं. उभ्या ट्रेलरमध्ये चार सेंटिमीटर पुरेसं वाटतं, पण खड्ड्यात वरचा मजला लवतो आणि खालची गाडी उसळते, दोन्ही एकाच वेळी.

हे सगळं सपाट जमिनीवर, घोडा जोडलेला आणि ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावलेले असताना. घोडा काढून नुसत्या स्टँडवर ट्रेलर उभा करून भरू नका. वर सगळ्यात पुढे जड गाडी चढली की ट्रेलर स्टँडवरून नाकावर जाऊ शकतो.

भरून झाल्यावर काट्यावर तीन वजनं घ्या. पूर्ण गाडी. मग फक्त घोडा काट्यावर, ट्रेलरची चाकं बाहेर. मग फक्त घोड्याचं पुढचं अ‍ॅक्सल. दुसऱ्यातून तिसरं वजा केलं की ड्राइव्ह अ‍ॅक्सल मिळतो, पहिल्यातून दुसरं वजा केलं की ट्रेलरची चाकं. ड्राइव्ह अ‍ॅक्सल एकूण वजनाने भागून टक्केवारी काढा. काट्याच्या आधीचा आणि नंतरचा रस्ता काट्याच्या पातळीत हवा, नाहीतर आकडे खोटे येतात. ब्रेक सोडून वजन घ्यायचं. ब्रेक लावलेले असले की अ‍ॅक्सल एकमेकांना ओढून धरतात. आधी केलेला हिशेब आणि काटा यांत दोन-तीनशे किलोंहून जास्त फरक आला तर ट्रेलर नाकाने वर-खाली आहे का, एखादा पाटा तुटला आहे का, ते पाहा. एका प्रकारच्या मांडणीला एकदा अशी तीन वजनं घेतली की ती लिहून ठेवा, पुढच्या वेळी तीच मांडणी आली तर परत काट्यावर जायची गरज नाही.

निघाल्यावर पहिले १५-२० किलोमीटर झाले की थांबायचं. टायर बसतात, पट्टा ताणला जातो, चारातले एक-दोन रॅचेट सैल सापडतातच. चाकणहून निघालात तर कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जाण्याआधी, साताऱ्याकडून मुंबईच्या बाजूला येत असाल तर बोगद्यानंतर नवले पुलाचा उतार लागण्याआधी. त्या उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय अनेकांना आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनची पकड सुटते, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, लायनर तापतात आणि पकड सोडतात. उतार सुरू होण्याआधीच गिअर पाडा, आणि प्रत्येक डीलरकडून निघताना पुन्हा पट्टे, पिना आणि ठोकळे, ह्याच क्रमाने, गाडीभोवती पूर्ण फेरी मारून तपासा.